कुही तालुक्यातील शाळा, घर आणि आरोग्याचा सल्ला

शाळेत येणाऱ्या मुलांची प्रकृती तपासणे, त्यांच्या आजारांची व पोषणाची नोंद ठेवणे आणि त्या नोंदीवरून घरच्या माणसांना काय करावे व काय टाळावे हे समजावून सांगणे, ही तिन्ही कामे जिच्याकडे सोपवलेली असतात तिला शालेय परिचारिका म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेत हे पद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आले. नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यात, किंबहुना महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बहुतेक सर्वत्र, गावातल्या शाळेच्या वाट्याला असे स्वतंत्र पद आलेच नाही. काम मात्र कुणाला तरी करावेच लागले, आणि ते देवी काढणारा लसटोचक, गावचा कोतवाल, शाळेचे गुरुजी, सुईण, कुष्ठरोगाची पाहणी करणारा कर्मचारी, उपकेंद्राची आरोग्यसेविका आणि आशा अशा अनेक हातांतून पुढे सरकत राहिले. त्यामुळे या भागातील आरोग्य-सल्ल्याचा इतिहास लिहायचा, तर सल्ला काय होता यापेक्षा तो घराच्या उंबरठ्यापर्यंत कोणी नेला आणि नेणाऱ्याजवळ त्यासाठी किती वेळ होता, याचाच मागोवा अधिक घ्यावा लागतो.

कुही हे नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव आहे. हा भाग पूर्वी उमरेड तहसिलीत मोडत असे. मांढळ, वेलतूर, पाचखेडी, तितूर ही तालुक्यातील परिचित गावे; पूर्वेला आंभोऱ्याजवळ कन्हान आणि वैनगंगा यांचा संगम आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नागपूर ते नागभीड ही छोटी लाईन, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, कुहीवरून सुरू झाली आणि २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत ती धावत होती. आरोग्याच्या इतिहासात या गाडीला दुर्लक्षून चालत नाही, कारण गावात उतार पडला नाही की रोग्याला नागपुरास ‘मेयो’ रुग्णालयात किंवा पुढे ‘मेडिकल’ला नेण्याचा तो स्वस्त मार्ग होता. उपचारासाठी शहर गाठता येत होते. रोज पाळायचा सल्ला मात्र गावातच मिळायला हवा होता.

त्या सल्ल्याचा सर्वांत जुना संघटित प्रकार म्हणजे देवीची लस. हिंदुस्थानात ती प्रथम मुंबईत १८०२ मध्ये एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. मध्य प्रांताची स्थापना १८६१ मध्ये झाल्यावर लसटोचकांची फिरती या भागातही नियमित होत गेली. लसटोचकाला लोक देवी डॉक्टर म्हणत. तो सहसा हिवाळ्यात येई, कारण उन्हाळ्यात लस टिकत नसे. गावात त्याला लागणारी माहिती कोतवालाजवळ असे, कारण जन्म आणि मृत्यू यांची खबर ठाण्यात पोहोचवण्याचे काम मध्य प्रांतात कोतवालाकडे होते आणि कोणत्या घरात नवे मूल आले आहे हे त्याच्याइतके नेमके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसे. शाळा असेल तेथे मुले एकाच ठिकाणी सापडत आणि काही वर्षांनी पुन्हा घ्यायची लस तेथे देणे सोयीचे पडे. फिरत्या सुईच्या साधनाने दंडावर उमटलेले गोल वण आजही वयस्क माणसांच्या हातांवर दिसतात.

लसटोचकाची गाठ मातामायशी होती. पूर्व विदर्भात बहुतेक गावांच्या शिवेवर किंवा कडुनिंबाखाली मातामायचे ठाणे असते, आणि अंगावर देवी उमटल्या की घरात माता आली असे मानून दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला जाई, घरात फोडणी दिली जात नसे, परक्या माणसाला आत घेतले जात नसे. सरकारी अहवालांनी या आचाराला सरसकट अंधश्रद्धा ठरवले, हा न्याय अपुरा होता. रोग्याला वेगळे ठेवणे, येणे-जाणे थांबवणे आणि घरावर सर्वांना दिसेल अशी खूण लावणे हे विलगीकरणच होते, म्हणजे संसर्ग पसरू नये म्हणून रोगी आणि निरोगी यांच्यातील संपर्क तोडणे. त्यामागचे कारण निराळे सांगितले जात होते, एवढेच. चुकीची बाब ही की माता येणारच असे धरून लस नाकारली जाई. जो देवी डॉक्टर ठाण्याला नमस्कार करून, घरातील म्हातारीला आधी पटवून मग मुलाचा दंड हातात घेई, त्याचे काम होत असे, असे मानायला जागा आहे. हुकूम दाखवणाऱ्यापुढे मुले लपवली जात. भारतातला देवीचा अखेरचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये बिहारात आढळला, आणि त्या विजयात असंख्य अनामिक लसटोचकांच्या पायपिटीचा वाटा आहे.

परिचारिकेने शाळेतून घरी जायचे, ही कल्पना जगात कशी रुजली हे येथे पाहणे उपयोगाचे ठरेल. १८९० च्या दशकात लंडनमध्ये जिल्हा परिचारिका गरीब वस्त्यांतील शाळांना भेटी देऊ लागल्या. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर शाळा तपासत आणि खरूज, डोळे येणे, उवा अशा कारणांवरून मुलांना घरी पाठवत. घरी गेलेल्या मुलाचे पुढे काय करायचे हे कोणी सांगत नसल्यामुळे वर्ग रिकामे पडत आणि आजार तसाच राही. १९०२ मध्ये लिना रॉजर्स या परिचारिकेला तेथे प्रयोग म्हणून नेमले गेले. त्या शाळेत किरकोळ आजारांवर उपचार करत आणि शाळा सुटल्यावर घरोघर जाऊन आईला प्रत्यक्ष करून दाखवत. वर्षभरात आजारामुळे होणारी गैरहजेरी इतकी घटली की प्रयोगाचे रूपांतर कायम सेवेत झाले. हिंदुस्थानात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ मध्ये बडोदे शहरात, सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात झाली. तपासणीचा धडा आपल्याकडे लवकर घेतला गेला. घरी जाण्याचा धडा मात्र मागेच राहिला.

नागपुरात त्या धड्याच्या अगदी जवळ पोहोचलेले काम घडले, पण ते शाळेच्या बाहेर. कमलाताई होस्पेट या बालविधवा असलेल्या तरुणीने डफरीन रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेतले आणि वेणूताई नेने यांच्यासह १९२१ मध्ये मातृसेवा संघाची स्थापना केली. ज्या काळी बाळंतिणीला घरातल्या अंधाऱ्या खोलीत, जुन्या चिंध्यांवर ठेवण्याचा रिवाज होता आणि परिचारिकेचा पेशा घरंदाज स्त्रीला शोभत नाही असे मानले जाई, त्या काळी या दोघींनी बाळंतपण आणि बालसंगोपन यांचा सल्ला प्रशिक्षित स्त्रीच्या तोंडून मध्यमवर्गीय व गरीब अशा दोन्ही घरांत पोहोचवला. पुढे संघाच्या शाखा विदर्भात व बाहेरही निघाल्या आणि कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. या कामाचे मोल असे की, सल्ला देणारी स्त्री घरात शिरू शकते आणि तिचे ऐकले जाते, हे नागपूरच्या परिसरात सिद्ध झाले. सरकारी व्यवस्थेने हा पुरावा शाळेसाठी वापरला नाही.

वर्ध्याकडून आलेला प्रवाह वेगळा होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ ही पद्धत पुढे आली, जिच्यात हस्तोद्योगाभोवती सारे शिक्षण गुंफायचे होते आणि सफाई, स्वयंपाक, पाणी, शरीरशास्त्र हे विषय पुस्तकातून घोकण्याऐवजी रोजच्या कामातून शिकायचे होते. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडत. तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला, आणि भजनी मंडळांमुळे तो विचार विदर्भातील खेड्यांत, जेथे सरकारी पत्रक वाचणारा कोणी नव्हता तेथेही, ऐकला गेला. पण पोहोचलेला विचार आणि एका विशिष्ट मुलाच्या विशिष्ट दुखण्यावर मिळालेला सल्ला यांत अंतर असते. ते अंतर कुष्ठरोगाच्या कामाने काही प्रमाणात भरले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या आणि वर्धा येथे मुख्यालय असलेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री रूढ केली, जी पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने स्वीकारली. तीत कर्मचारी शाळेत येऊन मुलांच्या अंगावरचे फिकट, बधिर चट्टे पाही, आणि चट्टा सापडला की संध्याकाळी त्या घरी जाऊन घरातल्या प्रत्येकाला तपासत असे. शाळेत दिसलेली खूण घरापर्यंत नेण्याची शिस्तबद्ध पद्धत विदर्भाने पाहिली ती या कामात, आणि ती एका रोगापुरतीच राहिली ही खेदाची गोष्ट आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने आपल्या अहवालात शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नसल्यासारखीच असल्याचे नोंदवले. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पुढच्या वर्षी अहवाल देताना ही सेवा प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडावी असे सुचवले. दरम्यान कुहीचा मुलूख मध्य प्रदेशातून १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्र ही दोन्ही एकाच संस्थेच्या छपराखाली आली. शाळा आणि दवाखाना यांची सांगड घालायला यापेक्षा अनुकूल रचना क्वचित मिळते. तरीही शिक्षण विभाग आणि आरोग्य विभाग यांची दप्तरे वेगळी राहिली. सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे बाळंतपण आणि प्राथमिक शुश्रूषा यांचे प्रशिक्षण घेतलेली कर्मचारी, उपकेंद्रात नेमली गेली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिचे बहुउद्देशीय आरोग्यसेविकेत रूपांतर झाले आणि साधारण ५,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असे प्रमाण ठरले. गावाने तिला नर्सबाई म्हटले. बाळंतपणे, लसीकरण, कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट, तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने आणि नोंदवह्या एवढ्यांतून उरला तो वेळ तिने शाळेला दिला, आणि उरत असे फार थोडा.

शाळेतला सल्ला घराविना कसा अपुरा पडतो, हे खरजेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. खरूज हा त्वचेत बीळ करून राहणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे होणारा आजार आहे. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती आणि काखेत पुरळ उठतो आणि खाज रात्री वाढते, त्यामुळे मूल झोपत नाही आणि वर्गात पेंगते. गुरुजींना पेंगणे दिसते, हात दिसतात, आणि फार तर ते मुलाला वेगळे बसवतात. पूर्वी करंजीच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात गंधक कालवून लावत, नंतर बेंझिल बेंझोएटचे पांढरे औषध आले, आता परमेथ्रिनचे मलम मिळते. पण कोणतेही औषध एकट्या मुलाला लावून भागत नाही. घरात खाज असलेली आणि नसलेली सर्व माणसे, अगदी आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत, त्याच रात्री मानेपासून तळपायापर्यंत औषध लावून झोपली पाहिजेत (तान्ह्यासाठी औषध आणि मात्रा नर्सबाईला विचारूनच घ्यायची); अंथरूण-पांघरूण आणि अंगावरचे कपडे दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवले पाहिजेत; सांगितल्याप्रमाणे आठवड्याने पुन्हा औषध लावले पाहिजे; आणि किडा मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, तिला घाबरून औषध रोज चोपडायचे नाही. एकाच गोधडीखाली तीन भावंडे झोपतात अशा घरात ही सारी व्यवस्था आईला करायची असते, आणि तिच्या हाती असते मुलाने तोंडी आणलेला अर्धामुर्धा निरोप. सल्ला चुकीचा नव्हता, तो घरापर्यंत पोहोचताना तुटला. आणि पुन्हा खरूज आली की दोष घराच्या अस्वच्छतेला दिला गेला, जो बहुतेक वेळा अन्याय्य होता.

दुसरी अडचण अशी की सल्ला स्वतःही बदलत आला आहे. जुलाब लागले की मुलाचे पाणी व अन्न बंद करावे, पोटाला विश्रांती द्यावी, हा समज घरात होता तसा अनेक वैद्य-डॉक्टरांतही होता. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे मृत्यू मोठ्या प्रमाणात रोखून दाखवल्यावर आणि पुढच्या दशकात तेच औषध पाकिटातून गावोगाव आल्यावर सल्ला पूर्ण उलटला: जुलाब लागताच पाणी वाढवायचे, अंगावरचे दूध सुरू ठेवायचे, खाऊ घालायचे. सर्पदंशाचेही तसेच. जुन्या प्रथमोपचाराच्या धड्यांत दंशाच्या वर दोरी करकचून आवळावी, पात्याने चीर द्यावी असे शिकवले जाई. आता तज्ज्ञ सांगतात की चीर देऊ नये, आवळून बांधू नये, दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा काठीला सैल बांधून स्थिर ठेवावा आणि प्रतिविष असलेले रुग्णालय विनाविलंब गाठावे. धान, सोयाबीन आणि मिरचीच्या या मुलखात मण्यार हा विशेष घातक साप आहे, कारण तो रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, चावा फारसा दुखत नाही, सूज येत नाही, आणि पहाटे पोटात कळ, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे सुरू होतात. मारुतीच्या पाराला नेण्यात गेलेली रात्र तेथे जिवावर बेतते. खाटेवर, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचून झोपावे, हा साधा सल्ला मण्यार आणि डास या दोघांपासून रक्षण करतो, पण घरात खाट एकच असेल तर तिच्यावर कोणी झोपायचे हे घर ठरवते. ज्याने बदललेला सल्ला सांगायचा त्याने आधीचा सल्ला का बदलला हेही सांगावे लागते, नाही तर दरवेळी नवे सांगणाऱ्यावरचा विश्वास उडतो; आणि तेवढा वेळ बसून बोलणे पत्रकाला जमत नाही.

१९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक अपरिचित विषाणू सापडला आणि त्याला चांदिपुरा हे वस्तीचे नाव मिळाले. बराच काळ तो केवळ संशोधकांच्या कुतूहलाचा विषय होता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात मुलांना मेंदूज्वराने ग्रासले तेव्हा कारण हाच विषाणू असल्याचे आढळले, आणि २००७ मध्ये नागपूर विभागात त्याची पुन्हा साथ आली. रोगाचा वेग भयानक आहे: सकाळी खेळणाऱ्या मुलाला अचानक जोराचा ताप येतो, उलट्या होतात, झटके येतात, शुद्ध हरपते, आणि एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. तो पसरवणारी वाळूमाशी डासापेक्षा बरीच लहान असते, लांब उडत नाही, आणि मातीच्या भिंतींच्या भेगा, गुरांचा कोठा, शेणखताचा ढीग अशा दमट अंधाऱ्या जागी राहते. त्यामुळे येथील खबरदारी घराच्या बांधणीशीच जोडली गेली आहे. भेगा लिंपून बुजवाव्यात, कोठा आणि उकिरडा झोपायच्या छपरीपासून दूर असावा, लहान मुलांना जमिनीलगत उघडे झोपवू नये, आणि तापात झटका आला की घरगुती उपायात एक घटकाही न घालवता वाहन बोलावावे. ज्या घराला सांदवाडी एवढीच जागा आहे त्याने कोठा कुठे हलवावा, या प्रश्नाला साथीच्या पत्रकात उत्तर नसते.

विदर्भात शाळा आणि घर यांच्यातील संवादाची खरी कसोटी सिकलसेलने पाहिली. या आनुवंशिक आजारात तांबड्या रक्तपेशी प्राणवायू कमी झाला की विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे, पोट, छाती यांत असह्य वेदना उठतात. भारतात त्याची नोंद १९५२ मध्ये झाली, नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले, आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व काही इतर मागास समाजांत तो विदर्भात मोठ्या प्रमाणावर असल्याचे पुढे स्पष्ट होत गेले. तरीही जवळपास अर्धे शतक शाळांना त्याची कल्पना नव्हती. सांधे दुखतात म्हणून घरी बसणारे, थंडीत हुडहुडणारे, डोळे पिवळट असणारे मूल आळशी किंवा नाटकी ठरले, किंवा कावीळ समजून त्याला उतारा पाजला गेला. नागपुरात रुग्णांच्या कुटुंबांना संघटित करणारे संपत रामटेके यांनी या आजाराला सार्वजनिक प्रश्नाचे रूप दिले, ज्यासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. राज्य शासनाचा नियंत्रण कार्यक्रम २००८ च्या सुमारास सुरू झाला, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम आली.

शाळेसाठी येथील सल्ला अगदी व्यवहाराचा आहे. अशा मुलाला वर्गात बाटली जवळ ठेवून वारंवार पाणी पिऊ द्यावे आणि लघवीला जायला अडवू नये, कारण पाणी कमी पडले की पेशी अधिक अडकतात. भर उन्हातील शर्यतीत वा कवायतीत त्याला ताणू नये. हिवाळ्यात गारठा आणि पावसात भिजणे टाळावे. फॉलिक ॲसिडची आणि डॉक्टरांनी दिली असल्यास हायड्रॉक्सियुरियाची गोळी चुकवू नये. ताप आला किंवा श्वास लागला तर वाट पाहू नये. घरासाठीचा सल्ला मात्र नाजूक आहे. वाहक, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष मिळालेली व्यक्ती, सहसा निरोगी आयुष्य जगते. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. तपासणीनंतर वाहक आणि रुग्ण यांना वेगळ्या रंगांची कार्डे मिळतात, आणि मुलीचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे गावात पसरले की तिचे लग्न अडते, म्हणून कार्ड पेटीच्या तळाशी लपवले जाते. ज्या कागदाने जोडीदार निवडताना मदत करायची तो कागद लपवावा लागतो, याचा दोष कुटुंबावर टाकता येत नाही. चारचौघांत निकाल वाचून दाखवणारी तपासणी आणि दार लोटून आईशी एकांतात बोलणारी परिचारिका यांतला फरक येथे आयुष्यभराचा ठरतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून झाली आणि शालेय परिचारिकेच्या सर्वांत जवळचे रूप कुहीला या कार्यक्रमामुळे मिळाले. दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे फिरते पथक अंगणवाड्या वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा तपासते. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातील विलंब यांकडे पाहिले जाते आणि गरज असेल त्या मुलाला ग्रामीण रुग्णालयाची किंवा पुढची चिठ्ठी दिली जाते. हृदयाला छिद्र असलेल्या, ऐकू न येणाऱ्या, डोळ्याला नंबर असूनही चष्मा नसलेल्या मुलांना या चिठ्ठीने नवे आयुष्य मिळू शकते. हे या कार्यक्रमाचे मोठे श्रेय आहे. त्याच काळात लोहाची साप्ताहिक निळी गोळी आणि २०१५ पासून जंतनाशक दिन शाळेत आले. खिचडी खाल्ल्यानंतरच गोळी घ्यायची, तिने शौच काळी होते त्यात भिण्यासारखे काही नाही, जंताची गोळी चावून खायची, एवढे घरी आधी सांगितलेले असेल तर मुले गोळी घेतात. सांगितलेले नसेल तर एका मुलाच्या मळमळीची बातमी दुपारपर्यंत गावभर होते आणि पालक शाळेच्या फाटकात जमतात.

एक बाब सल्ल्याच्या मर्यादेबाहेरची आहे. नागपूर शहराचे सांडपाणी वाहून आणणारी नाग नदी कुही तालुक्याच्या हद्दीत कन्हानला मिळते, आणि ते पाणी पुढे वैनगंगेतून गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात जाते, ज्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि ज्याच्या फुगवट्याने तालुक्यातील गावे उठली. पाणी उकळून प्या, हात साबणाने धुवा, हे सांगणे योग्यच आहे. उकळल्याने जंतू मरतात, पण शहराने सोडलेली रसायने जात नाहीत. नदीकाठच्या आईने काय करावे याची यादी लिहिण्याआधी शहराने काय थांबवावे हे लिहिले गेले पाहिजे. शंभर वर्षे आरोग्याचा सल्ला गावाला दिला गेला. या एका बाबतीत तो नागपूर शहराला देण्याची वेळ आहे.

पथक वर्षातून एकदा येते आणि पुढच्या शाळेकडे निघून जाते. चिठ्ठीचे पुढे काय झाले हे पाहायची जबाबदारी आशा आणि आरोग्यसेविका यांच्यावर पडते, ज्यांचा दिवस आधीच भरलेला असतो. प्रत्येक केंद्रशाळेमागे, म्हणजे आसपासच्या आठ-दहा शाळा जोडलेल्या मुख्य शाळेमागे, एक परिचारिका नेमून तिच्या कामाचा निम्मा वेळ घरभेटींसाठी राखून ठेवणे हे जिल्हा परिषदेला पेलणारे काम आहे, आणि शिक्षण व आरोग्य ही दोन्ही खाती तिच्याचकडे असल्याने त्यासाठी कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. ती नेमणूक होईपर्यंत कुहीतील पालकांनी तपासणीच्या दिवशी शाळेत हजर राहावे, मुलाची चिठ्ठी स्वतःच्या हातात घ्यावी, तिच्यावर लिहिलेला प्रत्येक शब्द नर्सबाईंकडून समजून घ्यावा आणि समजेपर्यंत तेथून उठू नये.